हातभर जागा

"हालला काय गो बाय?"

चंपाकाकीने हे चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी जमिनीला नाक लावून किती खचलं ते मोजणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत होते. माझ्या डोक्यावर लोखंडी तुळयांच्या माचावर वाळूची सहाशे पोती रचलेली होती, आणि त्या पोत्यांना खालून रेटा देत एक जॅक आमच्या पाइलला जमिनीत दाबत होता. पाइल म्हणजे खाडीकाठच्या चिखलात चौदा मीटर खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब. असे नऊ पाइल, त्यांची डोकी एकत्र बांधणारी काँक्रीटची जाड कॅप, कॅपच्या मधोमध एक उंच गोल खांब आणि त्यावर पन्नास हजार लिटरची टाकी, असा सगळा बेत होता.

"तीन मिलिमीटर," मी म्हणाले.

"म्हंजे किती ता?"

"उकड्या तांदळाचे दोन दाणे एकावर एक ठेवा. तेवढं. तेही तीस टनांखाली."

आडवेबंदरच्या अख्ख्या वाडीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या पाइलसाठी होत्या, पण घेतल्या मी. लवून नमस्कार करायचा तेवढा राहिला.

ही गोष्ट शहाऐंशी सालातली. मी सुनीती मगदूम, सांगलीची, वय तेवीस. कोल्हापूरच्या आमच्या ऑफिसातले आठल्येसाहेब मला साइटवर पाठवायला तयारच नव्हते. मुलगी साइटवर टिकत नाही, हा त्यांचा सिद्धांत. मी महिनाभर भुणभुण लावली तेव्हा वैतागून म्हणाले, "जा. पण एक चूक झाली की परत ट्रेसिंगच्या टेबलावर." ट्रेसिंग म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले नकाशे दिवसभर पारदर्शक कागदावर गिरवायचे. दीड वर्ष मी तेच केलं होतं, आणि त्या टेबलाकडे परत जाण्यापेक्षा सांगलीला जाऊन लग्न करणं बरं, इथवर माझी मजल गेली होती.

वाडीला टाकीची घाई होती. मार्च सरला की तिथल्या विहिरी मचूळ व्हायच्या आणि बायका होडीत हंडे घालून पलीकडच्या काठावरून पाणी आणायच्या. मी ज्यांच्या पडवीत राहत होते त्या चंपाकाकीचा उजवा खांदा होडी वल्हवून कायमचा उतरला होता. त्यामुळे वाडी मला देवासारखी वागवायची, आणि मीही त्या वागणुकीला काही हरकत घेत नव्हते.

हरकत घेणारा एकच माणूस होता. दाजी तेंडोलकर. हायस्कुलातून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. टाकीच्या जागेच्या एका अंगाला देवळाकडे जाणारी वाट होती आणि दुसऱ्या अंगाला दाजींचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची हद्दीची भिंत. आठल्येसाहेबांच्या नकाशाप्रमाणे कॅप बसवायला दोन्हीकडून हात-हातभर जागा लागत होती. देवाने आपल्या वाटेतली हातभर जागा मागितल्या दिवशीच दिली. दाजींनी दिली नाही.

बारा वर्षांपूर्वी वाडीने रस्ता रुंद करताना न विचारता त्यांचा गडगा एका टोकाला पाडला होता. तेव्हापासून हातभर काय, बोटभर जागेचा विषय निघाला की दाजी येणाऱ्याला आग्रहाने सोलकढी पाजायचे आणि नाही म्हणायचे. सरपंच सोलकढी पिऊन आले. सर्व्हेअर सोलकढी पिऊन आला. गावचे मानकरी बापू घाडी तर दोन पेले पिऊन आले.

मी गेलेच नाही. मला एक झकास युक्ती सुचली होती. पाइल थोडे जवळ जवळ घेतले, तर कॅप लहान होते आणि गडग्याला हात लावावा लागत नाही! ड्रिलिंगचं यंत्र भाड्याने येऊन उभं होतं, साहेबांना विचारायला फोन तीन किलोमीटरवरच्या पोस्टात. मी नकाशावर रबर फिरवलं. सव्वा मीटरचं अंतर पाऊण मीटरवर आणलं आणि नऊच्या नऊ पाइल गडग्याच्या अलीकडे बसवले. साहेबांना तार केली, "पाइल पूर्ण." किती अंतरावर, ते लिहिलं नाही. प्रत्यक्ष येतील तेव्हा दाखवू आणि शाबासकी घेऊ, असा माझा हिशेब.

त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर दाजी गडग्यावर कोपरं टेकून उभे दिसले, आणि मला राहवलं नाही.

"बघितलंत दाजी? तुमच्या हातभर जागेवाचून काही अडलं नाही."

"बघितलं," दाजी म्हणाले. "एकाने तीस टन पेलले. नऊ त्रिक सत्तावीस. नवांचे दोनशे सत्तर. तुझी टाकी पाण्यासकट भरते किती?"

"सव्वाशे."

"मग दुपटीने पास. दहापैकी दहा." मास्तरांनी मान हलवली आणि घरात गेले. माणूस आडमुठा असला तरी गणिताशी बेइमानी करायचा नाही. मी दिवसभर हवेत होते.

दुसऱ्या दिवशी मजूर पोती उतरवत होते, मला काम नव्हतं. दुपारी ओहोटी लागली तशी चंपाकाकी आणि शेजारच्या तिघी टोपल्या आणि आधाराला एक वल्हं घेऊन खाडीत मुळे काढायला निघाल्या. मुळे म्हणजे चिखलात दडलेले शिंपले. आईला पत्रात यातलं काही लिहायचं नाही, असं ठरवून मीही साडी खोचली आणि त्यांच्यामागे गेले.

चिखल घोट्याएवढा होता. पायाखालून काहीतरी सुळकन सरकायचं, म्हणून मी काकीच्या अगदी अंगाला लागून चालायला लागले.

"लांब रव गो!" काकी ओरडली. "माका चिकटू नुको!"

"का?"

"दोघीव रुतू!"

मला वाटलं, म्हातारी उगाच घाबरवते आहे. तेव्हा लक्षात आलं की बाकीच्या तिघी एकमेकींपासून चांगल्या पाच-सहा हातांवर चालत होत्या आणि गप्पा मोठ्याने ओरडून मारत होत्या. मी दोन पावलं लांब झाले, तिसरं पाऊल नको तिथे टाकलं आणि अडकले. मला ओढायला काकी आली. मग दुसरी आली. तिसरीही आली. आम्ही चौघी हात धरून एका जागी उभ्या, आणि आमच्याबरोबर तिथला सगळा चिखल सावकाश खाली चालला. बघता बघता चौघी गुडघ्यापर्यंत!

"सुटा! सुटा आधी!" काकीने दोघींना पिटाळलं, लांब उभ्या असलेल्या चौथीकडून वल्हं आडवं टाकून घेतलं आणि मला त्याच्यावर पोटावर लोळवत बाहेर काढलं. वर शिव्या दिल्या त्या निराळ्याच.

"एकट्याक चिखल धरता गो," ती धापा टाकत म्हणाली. "चौघा एका जाग्यार उभी ऱ्हवली तर तो बिचारो कोणाकोणाक धरतलो?"

बायका माझ्या अवताराकडे बघून हसत होत्या. मी चिखलात बसून राहिले. मला हसू येत नव्हतं.

एकटा पाइल आपल्या भोवतीच्या चिखलाला धरून उभा असतो. तो चिखल त्याचा एकट्याचा. शेजारी दुसरा आणला, की दोघं त्याच चिखलावर भार टाकतात. असे नऊ दाटीवाटीने उभे केले की ते नऊ राहतच नाहीत. मधल्या चिखलासकट त्यांचा एकच मोठा ठोकळा होतो, आणि तो ठोकळा खूप खोलवरचा असा चिखल दाबायला लागतो, ज्याला एकट्या पाइलने कधी बोटही लावलेलं नसतं. म्हणून एकाची परीक्षा घेऊन नवांचा निकाल लावता येत नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. अख्खा धडा होता, आणि त्या पेपरात मी वर्गात पहिली आले होते. साहेबांनी सव्वा मीटर काही हौसेने लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी पडवीत बसून मी तीनदा हिशेब केला. तांदळाचे दोन दाणे कुठल्या कुठे राहिले. टाकी भरल्यावर पहिल्या वर्षात दोन इंच, आणि पुढे चिखलातलं पाणी पिळून निघेल तसतशी आणखी. तेही सरळ खाली नाही. खाडीच्या अंगाला चिखल जास्त खोल, म्हणजे टाकी तिकडे कलणार. आणि खाडीच्या अंगाला पहिलं घर चंपाकाकीचं. मी ज्या पडवीत बसून हिशेब करत होते, तेच.

उपाय होता. कॅप अजून भरायची होती. दोन्ही अंगांना आणखी तीन तीन पाइल लांबवर उतरवायचे आणि कॅप त्यांच्यापर्यंत पसरायची, म्हणजे भार रुंद जागेवर वाटला जातो. एकाच अंगाला घालून चालणार नव्हतं, कारण मग मधला खांब मधोमध राहत नाही आणि टाकी नव्या तऱ्हेने कलते. पण आता हातभर जागेत भागणार नव्हतं. दाजींच्या अंगाला तीन हात लागणार होते.

बुधवारी मी साहेबांना फोन करायला दोनदा निघाले. पहिल्यांदा चपलेचा अंगठा तुटला म्हणून परत आले. दुसऱ्यांदा चप्पल शाबूत होती, तरी परत आले. कुणाला कळणार आहे, असं मन म्हणत होतं. कॅप भरली की पाइल झाकले जातील. टाकी कलेपर्यंत मी आणखी चार साइट करून मोठी इंजिनिअर झालेली असेन, आणि दोष खाडीवर जाईल. मला माझी इतकी लाज वाटत होती की काकीने वाढलेलं जेवण मी पोट दुखतं म्हणून टाळलं. तिने ओव्याची फक्की दिली आणि शेजारी बसून राहिली.

गुरुवारी सकाळी कॅप भरायची होती. सळ्या बांधून तयार, मिक्सर सुरू, मजूर रांगेत. पण तिकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही. मानकरी देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात होकार देतात. बापू घाडी नारळ घेऊन पुढे झाले, डोळे मिटले. वाडी त्यांच्यामागे गोळा झाली. दाजी नेहमीप्रमाणे गडग्यापलीकडे.

"बा देवा रवळनाथा! आज ही तुजी लेकरा पाण्याच्या टाकीचो पायो भरतत..."

"व्हय म्हाराजा!"

"ता काम तडीक ने. बायलांच्या डोक्यावरचो हंडो उतरय..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या हातसून काय चुकला माकला आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"चुकलंय!" मी ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "माझंच चुकलंय! मी पाइल फार जवळ जवळ घातलेत. ही टाकी कलणार!"

"व्हय म्हाराजा!" वाडी एका सुरात म्हणाली.

मग सगळ्यांना आपण कशाला व्हय म्हटलं ते कळलं. मिक्सरवाल्याने मिक्सर बंद केला. कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आता खाडीला भरती येऊन मला घेऊन गेली तर बरं.

मी जमेल तसं सांगितलं. ठोकळा, भार, खोलवरचा चिखल. लोकांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी काकीच पुढे झाली.

"अरे, परवा आमी चौघी रुतलेलंव ना, तशे हे नऊ खांब रुततले," ती म्हणाली. एवढ्याने सगळ्यांना समजलं. मला चार वर्षं इंजिनिअरिंग करून जे सांगता आलं नव्हतं ते.

बापूंच्या हातात नारळ तसाच होता. सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धं सोडत नाहीत. त्यांनी एक डोळा उघडला.

"उपाय काय ता सांग बाय."

"आणखी सहा पाइल. तीन इकडे, तीन तिकडे. देवाच्या वाटेतले तीन हात लागतील."

"दिले," देवाला न विचारता बापू म्हणाले. "आनी?"

"आणि पलीकडचे तीन हात."

दाजींकडे कुणीच बघितलं नाही. सगळ्यांनी गडग्याकडे बघितलं. मी मात्र गडग्यापाशी गेले. एवढं झाल्यावर आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"दाजी, सगळे तुमच्याकडे आले, मी आले नाही. मला जागा मागायची नव्हती, तुम्हाला हरवायचं होतं. म्हणून रबर फिरवलं. तेव्हा हातभर मागायला हवी होती, आता तीन हात मागते. तुम्ही नाही म्हणालात तरी मी कॅप भरणार नाही. साहेबांना कळवून जाईन."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मागून बापूंचा आवाज आला. त्यांनी डोळे पुन्हा गच्च मिटले होते आणि गाऱ्हाणं सुटलं होतं तिथून उचललं होतं.

"तर बा देवा म्हाराजा! ह्या पोरीन आपली चूक तुज्या पायार घातली हा, ती पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"नि दाजी तेंडोलकराक तीन हात जागो देवची बुद्धी दी. तेच्या घराण्याक काय कमी पडू देव नुको..."

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. आणि तो गजर विरल्यावर, थोडा मागे पडलेला, एकटाच एक आवाज गडग्यापलीकडून आला.

"व्हय म्हाराजा."

बापूंनी क्षणही न दवडता नारळ फोडला. दिलेला शब्द परत घ्यायला फट नको. वाडीत एकच हशा उसळला. "दाजी सापडले! दाजी देवाच्या तावडीत सापडले!" दाजींचे कान लाल झाले.

"सवयीनं गेलं तोंडातून," ते गुरगुरले. "आता काय करता? देवापुढे गेलेला शब्द." आणि धोतर खोचून गडग्याचा पहिला चिरा त्यांनी स्वतःच उचलला, रागारागाने.

त्याच दुपारी मी तीन किलोमीटर चालून फोन केला. आठल्येसाहेब दुसऱ्या दिवशी आले, सगळं बघितलं, माझा हिशेब तपासला आणि बरोबर आहे म्हणाले. मग मला जीपमध्ये घालून कोल्हापूरला आणलं आणि ट्रेसिंगच्या टेबलावर बसवलं. शब्दाचे पक्के. नवे सहा पाइल दुसऱ्याच मुलाने घातले. त्या नकाशाचं ट्रेसिंग मात्र माझ्याकडे आलं, आणि प्रत्येक अंतर मी दोनदा मोजून गिरवलं.

आठ महिन्यांनी टाकी पहिल्यांदा भरायची होती. सकाळी साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले, "चल, गेज तूच वाच." आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. टाकी काठोकाठ भरली, दोन दिवस तशी ठेवली. नऊ मिलिमीटर. चारी बाजूंनी नऊ. साहेबांनी वहीत आकडा लिहिला, मग खिशातून जीपची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले की सोमवारपासून वेंगुर्ल्याची साइट मी बघायची. मला रडू आलं. ते मी पंपाच्या खोलीमागे जाऊन उरकलं.

नळावर बायकांची झुंबड होती. दाजी आपल्या नव्या, तीन हात मागे सरलेल्या गडग्यावर कोपरं टेकून बघत होते. मी डोळे पुसून त्यांच्याकडे गेले. मन हलकं झालं होतं, त्यामुळे जीभही सैल झाली होती.

"दाजी, सवय वाईट हो. एका व्हयपायी तीन हात जागा गेली तुमची."

नळाखाली हंडा लावून उभ्या असलेल्या चंपाकाकीने वळून बघितलं.

"कसली सवय? ह्या माणसाक?" ती म्हणाली. "चाळीस वर्सां बघतंय मी. गाऱ्हाण्याक तोंड मिटान उभो ऱ्हवता. देवळातसुदीक कधी व्हय म्हणूक नाय."

"पण मग त्या दिवशी सगळे हसले... सापडले, सापडले म्हणून..."

"हसाक नको? तेका सापडल्यासारखाच दाखवचा होता." एवढं बोलून ती भरलेला हंडा कमरेवर घेऊन घराकडे गेली.

म्हणजे वाडीतल्या लहानथोरांना ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं. मी दाजींकडे बघितलं. ते टाकीकडे बघत होते.

"बारा वर्षं ह्या गडग्यापाशी माणसं येत होती," ते म्हणाले. "नकाशे घेऊन आली, वकील घेऊन आली. चुकलो म्हणून कुणी आलं नव्हतं. नऊ त्रिक सत्तावीस मीही म्हटलं होतं, पोरी. दहापैकी दहा मीच दिले होते. आणि एवढ्या लोकांत चुकलं म्हणून एकटी तूच उभी होतीस."

"पण वाडी व्हय म्हणालीच होती की."

"ती सवयीनं म्हणाली," दाजी म्हणाले. "एकाने तरी समजून म्हणायला नको?"